अजागळ नेमकं कुणाला म्हणायचं?

जून उजाडला की सोलापुरातल्या गणवेशाच्या दुकानांत एकच संवाद दिवसभर चालू असतो. आई पोराच्या पाठीला शर्ट लावून बघते आणि म्हणते, "अजून एक नंबर मोठा काढा की ओ, दोन वर्षं तरी चालला पाहिजे." दुकानदाराला हे पाठ असतं. "वाढत्या अंगाचा देतो वहिनी," म्हणत तो वरच्या फळीवरचा गठ्ठा ओढतो. पोरगं तो शर्ट चढवून आरशासमोर उभं राहतं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाह्या कोपराखाली, खालची कड गुडघ्याकडे निघालेली. बरोबर आलेली आजी तोंडाला पदर लावून म्हणते, "काय अजागळ दिसतंय गं!"

देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवणाऱ्या गावात गावच्याच पोरांना मापाचा शर्ट मिळू नये, ही गंमत बाजूला ठेवू. मुद्दा आजीच्या शब्दाचा आहे. पोराने केस पाणी लावून चापून बसवलेत, बुटाची नाडी बांधलीय, नाक पुसलंय. ते अजागळ नाही. शर्ट ढगळ आहे. ढगळ हा कपड्याचा दोष, अजागळ हा तो घालणाऱ्याचा. आणि इथे तर घालणाऱ्याला कुणी विचारलेलंही नाही.

डौल नसणं, नीटसपणा नसणं यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. अजागळ, गबाळा, बेंगरूळ, बेढब, बेडौल, ओबडधोबड, धसमुसळा, वेंधळा, भोंगळ, गलथान, गावंढळ. रागाच्या भरात जो तोंडाशी येईल तो आपण फेकतो आणि समोरच्याला लागतोही. पण यातला प्रत्येक शब्द दोष वेगळ्या जागी दाखवतो. कुणी घडणीत, कुणी हालचालीत, कुणी लक्ष देण्यात. जागा चुकली की शब्द अन्यायाचा होतो. अजागळ या शब्दाच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त घडतं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू.

शेळीच्या गळ्यात काय लोंबतंय?

बरेच जण या शब्दातला 'अ' नकाराचा धरतात. अजाण, अजोड, अटळ, तसा अजागळ. मग जागळ म्हणजे काय, याला उत्तर नाही, कारण तसा शब्दच नाही. फोड वेगळी आहे: अजा आणि गळ. अज म्हणजे बोकड, अजा म्हणजे शेळी.

आपल्या जिल्ह्यात शेळी बघायला लांब जावं लागत नाही. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात जा, नाहीतर मोहोळ-बार्शीकडे जाताना रस्त्यात आडव्या आलेल्या कळपासाठी गाडी थांबवाल तेव्हा खिडकीतून बघा. बहुतेक उस्मानाबादी: काळ्याभोर, उंच पायाच्या. सोलापूर, धाराशिव, लातूर हा तिचा मुलूखच. या कळपात एखादीच्या गळ्याखाली, जबडा संपून मान सुरू होते तिथे, मांसाची दोन बोंडं लोंबताना दिसतील. बोटाएवढी लांब, अंगावर असतात तसेच केस त्यांच्यावर. हाताला लागतात मऊ, आत कूर्चा असते. शेळीने मान हलवली की ती इकडून तिकडे झुलतात. प्रत्येक शेळीला ती असतात असं नाही. बोकडालाही असू शकतात. आईबापांकडून करडांत उतरतात.

शेळीच्या कासेला सड दोनच असतात, गाईम्हशीसारखे चार नाहीत. गळ्यातली बोंडंही दोनच आणि आकारही साधारण सडासारखाच. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इथूनही दूध येत असेल. येत नाही. कितीही पिळा, थेंब नाही. या खोट्या सडांना संस्कृतात 'अजागलस्तन' असं नाव आहे आणि त्यावरून 'अजागलस्तनन्याय' हा एक न्यायही आहे. न्याय म्हणजे इथे कोर्टातला नव्हे. रोजच्या व्यवहारातला एखादा दाखला घेऊन मुद्दा पटवायचा, त्या दाखल्याला जुने पंडित न्याय म्हणत. आहे, दिसतंय, पण उपयोग शून्य, अशा वस्तूसाठी हा दाखला. चाणक्यनीतीत एक श्लोक आहे, शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवत असेल:

धर्मार्थकाममोक्षाणां यस्यैकोऽपि न विद्यते।
अजागलस्तनस्येव तस्य जन्म निरर्थकम्॥

धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चारांतलं एकही ज्याला साधलं नाही, त्याचा जन्म शेळीच्या गळ्यातल्या सडांसारखा फुकट. शिवी म्हणून ही चांगलीच लांब पल्ल्याची आहे.

आता गंमत बघा. संस्कृतात हा शब्द निरुपयोगीपणाचा. मराठीत मात्र अजागळ म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर निरुपयोगी माणूस येत नाही. येतो तो शर्टाचं एक टोक आत आणि एक बाहेर असलेला, पँटचा एक पाय बुटात अडकलेला, चष्मा नाकावर घसरलेला. कामाला हुशार असेल, पगार बक्कळ असेल, तरी अजागळ. अर्थ असा सरकला कसा?

मला वाटतं, नजर बदलली म्हणून. शेळीच्या गळ्यातल्या त्या बोंडांचे दोन गुण आहेत. एक, त्यांचा उपयोग नाही. दुसरा, ती लोंबतात. श्लोक लिहिणाऱ्या पंडिताने पहिला गुण उचलला, कारण त्याला जन्माचं सार्थक वगैरे सांगायचं होतं. मराठी घरातल्या बाईने दुसरा उचलला. तिला मोक्षाशी देणंघेणं नव्हतं, तिला समोर पोराची नाडी लोंबताना दिसत होती. मग धोतराचा सोगा, पदराचं टोक, सुटलेली वेणी, कॉलरमधून बाहेर आलेलं बनियन, जे जे जागेवर नाही आणि लोंबतंय, ते सगळं या शब्दाखाली आलं. स्तन हा तुकडा बोलण्यात कधीच गळून गेला, राहिला नुसता शेळीचा गळा.

ल चा ळ, आणि गलथान कारभार

गलचा गळ झाला तो मराठीच्या नेहमीच्या सवयीने. संस्कृतातला एकटा ल दोन स्वरांमध्ये सापडला की मराठीत येताना त्याचा बहुधा ळ होतो: फल-फळ, जल-जळ, काल-काळ, कमल-कमळ. जोडाक्षरातला ल्ल मात्र ल म्हणूनच टिकतो. म्हणून गल पासून गळा आणि गल्ल पासून गाल. दोन्ही अवयव एका वितीच्या आत, अक्षरं मात्र वेगळी. सोलापुरात या ळ ला तसा धोका नाही. कन्नडमध्ये ळ आहे, तेलुगूमध्ये आहे, त्यामुळे कन्नड बोलणारा अक्कलकोटकडचा माणूस असो की शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातला, अजागळ ठणठणीत म्हणतो. घरी दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणारे दोस्त तेवढे 'अजागल' म्हणतात. त्यांना हसायचं कारण नाही, ते नकळत थेट संस्कृतापर्यंत पोचलेत.

याच शेळीच्या गळ्यातून आणखी एक शब्द निघाला असं मानतात: गलथान. थान म्हणजे स्तन, सड. गल आणि थान, म्हणजेच गलस्तन. वरच्या नियमाने तो 'गळथान' व्हायला हवा होता, रूढ झाला गलथान. भाषेला नियम पाळायची आपल्याइतकीच आवड असते.

दोघांचं मूळ एक, पण संसार वेगळे थाटलेत. अजागळ घरात राहिला, गलथान ऑफिसात गेला. वर्तमानपत्र उघडा: 'गलथान कारभारामुळे नागरिक हैराण'. रस्ता खणून तसाच ठेवला, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना हरवला, पाण्याची वेळ न सांगता बदलली की हा शब्द ठरलेला. 'अजागळ कारभार' असा मथळा कुणी देत नाही. दिला तर वाचणाऱ्याला अधिकाऱ्याच्या शर्टाची बटणं आठवतील. माणसाच्या दिसण्यातला ढिसाळपणा तो अजागळपणा, कामाच्या पद्धतीतला तो गलथानपणा. भोंगळ हा तिसरा भाऊ मुख्यतः विचाराला आणि बोलण्याला लागतो. ज्या उत्तरातून हो की नाही ते कळत नाही, ते भोंगळ उत्तर. कारभारालाही तो चालतो, पण गलथानची धार त्याला नाही.

वापरायला अजागळ सोपा आहे. लिंग बदललं तरी तो बदलत नाही: अजागळ मुलगा, अजागळ मुलगी, अजागळ पोरगं, अजागळ माणसं. आकारान्त विशेषणं बदलतात, म्हणून गबाळा-गबाळी-गबाळं, वेंधळा-वेंधळी-वेंधळं. पणा जोडतानाही हाच फरक पडतो. अजागळपणा सरळ होतो, पण गबाळापणा नाही, गबाळेपणा. वेंधळेपणा, धसमुसळेपणा हे त्याच रांगेतले. बेंगरूळ लिहिताना रू दीर्घ, कारण शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याआधीचा उकार मराठीत दीर्घ लिहायचा, हे 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून ठरलेलं आहे. विभक्ती लागली की मूल-मुलाला तसं बेंगरूळ-बेंगरुळाला. एवढं व्याकरण पुरे.

शेजारपाजारचे शब्द

भाकरीवरून फरक पटकन लक्षात येतो. नवशिक्या पोरीने पहिल्यांदा ज्वारीची भाकरी थापली आणि तिचा नकाशा झाला, एक बाजू जाड, एक पातळ, कड फाटलेली. ती भाकरी बेढब झाली, ओबडधोबड झाली, वाकडीतिकडी झाली. अजागळ झाली असं कुणी म्हणणार नाही. भाकरीला स्वतःकडे लक्ष देता येत नाही. थापताना पीठ परातीबाहेर, कपाळावर, फरशीवर आणि मांजरावर गेलं असेल, तर त्या पोरीला धसमुसळी म्हणता येईल. तव्यावर भाकरी टाकून ती फोनवर बोलत बसली आणि भाकरी करपली, तर वेंधळी. आणि हे सगळं उरकून, हात न धुता, ओढणीचं टोक पिठात लोळवत ती पाहुण्यांसमोर आली, तर अजागळ. चार वेगळे गुन्हे, चार वेगळी कलमं.

बेढब आणि बेडौल यांतला 'बे' फारसीतून आलेला, म्हणजे 'विना'. बेशिस्त, बेजबाबदार, बेफाम यांतला तोच. ("काय बे" मधल्या आपल्या सोलापुरी बे चा त्याच्याशी संबंध लावू नका, तो बे प्रेमाचा.) ढब नाही ते बेढब, डौल नाही ते बेडौल. हे दोन्ही शब्द घडणीबद्दल बोलतात: इमारत बेढब असते, भांडं बेढब असतं, मूर्ती बेडौल होते. माणसाच्या शरीराला हे शब्द लावले की ते लागतात, कारण शरीर काही त्याने निवडलेलं नसतं. बेंगरूळ तर त्याहून वाईट. त्यात कुरूपपणाचा वास आहे. कपड्याला, कपाटाला, मंडपाच्या कमानीला बेंगरूळ म्हणा हवं तर. माणसाला म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अजागळाला आरशात बघून शर्ट खोचता येतो, बेंगरूळ म्हटलेल्याने काय करायचं?

धसमुसळा म्हटलं की त्यात मुसळ ऐकू येतं, आणि त्याची चालही तशीच. दार उघडणार ते भिंतीवर आपटून, पेला ठेवणार तो पाणी उडवून, बाळाला उचलणार तर आईचा जीव वर-खाली. त्याचे कपडे कडक इस्त्रीचे असू शकतात. दोष अंगातल्या जोरात आहे, तो कुठे आवरायचा हे त्याला कळत नाही.

गबाळा हा अजागळचा सगळ्यात जवळचा. गबाळ म्हणजे सामानसुमानाचं बोचकं. 'चंबूगबाळं आवरलं' म्हणतो तेच. ज्याच्याकडे बघून बांधताना घाईत काहीतरी राहिलं असं वाटतं, तो गबाळा. माझ्या कानाला गबाळ्यात थोडी माया ऐकू येते. 'आमचे हे म्हणजे अगदी गबाळे' असं बायको शेजारणीला सांगते, तेव्हा तक्रार कमी आणि हक्क जास्त असतो. 'आमचे हे अजागळ' म्हटलं तर शेजारीण गप्प होईल.

गावंढळ हा शब्द मात्र यादीतून काढूनच टाकावा. त्यात दोष माणसाचा नसून त्याच्या गावाचा सांगितलाय. आणि गंमत अशी की सोलापूरचा माणूस करमाळ्याच्या माणसाला गावंढळ म्हणतो, पुण्यात गेला की त्यालाच कुणीतरी म्हणतं.

ध्यान आणि अवतार

खरं सांगायचं तर रोजच्या बोलण्यात अजागळपेक्षा जास्त चालतात ते दुसरेच दोन शब्द, आणि ते थेट देवघरातून आलेत. "हा काय अवतार केलायस?" आणि "काय ध्यान आहे बघ!"

ध्यानाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला विशेष जवळची. 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया' हा तुकोबांचा अभंग. पंढरपूर इथून तासा-दीड तासावर, आणि हा अभंग पाठ नसलेलं घर सापडणं कठीण. इथे ध्यान म्हणजे डोळ्यांसमोर आणून ज्याचं चिंतन करायचं ते रूप. तुळशीहार गळ्यात, कमरेला पितांबर, दोन्ही पाय विटेवर सारखे. बघत राहावं असं. आता तोच शब्द घ्या आणि रविवारी सकाळी अकरा वाजता उठून, चुरगळलेल्या बनियनवर, एका पायात आपली आणि दुसऱ्या पायात भावाची चप्पल घालून दूध आणायला निघालेल्या पोराला लावा. आई दारातून ओरडते, "अरे ए ध्याना, आरशात तरी बघ!" तीही त्याच्याकडे बघत राहिलीय, पण कारण उलटं आहे.

अवताराचंही तसंच. देव अवतार घेतो, माणूस अवतार करतो. क्रियापद बदललं की अर्थ बदलला. 'अवतार घेतला' यात हात जोडले जातात, 'अवतार केला' यात कपाळावर मारले जातात. उपहास करायला मोठ्यात मोठा शब्द खाली आणायचा, ही मराठीची जुनी खोड आहे. शहाणा, दिवटा, प्रताप, गुण उधळणं, सगळ्यांची हीच कथा. म्हणून मराठी शिकणाऱ्याला माझा सल्ला असतो की शब्दकोशात बघण्याआधी बोलणाऱ्याच्या भुवया बघ.

डौल कशाला म्हणतात

नसलेल्या गोष्टीचं इतकं वर्णन केलं, तर असलेलीही दाखवायला हवी. त्यासाठी संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांच्या यात्रेत या, आम्ही जिला गड्डा म्हणतो. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, शहरातल्या 68 लिंगांना प्रदक्षिणा होते. पेलणारे आणि बरोबरचे लोक पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. बाराबंदीला बटणं नसतात, बंद असतात, ते गाठ मारून बांधायचे. एखादा बंद सुटलेला राहिला तर पांढऱ्यावर ते लगेच दिसतं. त्या गर्दीत, धुळीत, तासन् तास चालूनही बहुतेकांचे बंद जागेवर असतात.

नंदीध्वज म्हणजे सजवलेली उंच, जड काठी. ती पेलणाऱ्याच्या पावलांकडे बघा, वर बघू नका. वरचं टोक थोडं कललं की त्याची टाच किंचित सरकते, गुडघा हलका वाकतो, आणि काठी परत सरळ. जोर प्रचंड लागतो, पण तो दिसत नाही. त्याला आम्ही म्हणतो, 'डौलात चाललाय'. मिरवणुकीआधी सराव केलेला असतो, पोरं थोरांबरोबर चालत चालत शिकतात. ओझं तेवढंच असतं, ते अंगभर सारखं वाटून घेतलेलं असतं. धसमुसळ्या माणसाच्या हातात तीच काठी दिली तर काय होईल ते सांगायला नको.

डौल म्हणजे महागडं काही नाही, हे यातून कळतं, आणि अजागळपणाचा गरिबीशी संबंध नाही, हे तर पूर्व भागात कुठल्याही गल्लीत दिसतं. दारात विड्या वळत बसलेली बाई घ्या. साडी धुऊन धुऊन विटलेली, पण निऱ्या चापून बसवलेल्या, पदर कमरेला खोचलेला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली तेंदूची पानं. पान गुंडाळलं, टोक दुमडलं, दोऱ्याचा वेढा दिला, झाली. शेजारी रचलेल्या विड्यांची टोकं एका रेषेत. बोलता बोलता, न बघता. तिला कुणी अजागळ म्हणालं तर म्हणणाऱ्याची मराठी कच्ची आहे. उलट मोटारीतून उतरणारा, किमती शर्टावर कालच्या कालवणाचा डाग घेऊन हिंडणारा माणूस या शब्दाला शंभर टक्के पात्र.

शब्दाची अट एकच आहे: नीट राहणं हातात होतं आणि लक्ष दिलं नाही. आजारी माणूस, रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार, तान्हं बाळ असलेली आई, यांच्याकडे तो 'हातात होतं'वाला भाग नाही. बायकांना हा शब्द पुरुषांपेक्षा लवकर चिकटवला जातो, हेही लक्षात ठेवलेलं बरं. तीन दिवस दाढी न केलेला पुरुष 'कामात बुडालाय' आणि वेणी न घातलेली बाई 'अजागळ', हा हिशेब भाषेचा नाही, आपला आहे.

सध्याची ढगळ टी-शर्टांची फॅशनही या अटीवर घासून बघता येते. खांदा दंडावर, लांबी मांडीपर्यंत, गणवेशाच्या दुकानातल्या त्या शर्टासारखीच. पण पोराने ती तशी मुद्दाम, पैसे मोजून, चार दुकानं फिरून घेतलीय. लक्ष दिलंय, भरपूर दिलंय. आवडो न आवडो, तो अजागळ नव्हे.

अवघडणं ही आणखी वेगळी गोष्ट. लग्नात स्टेजवर फोटोसाठी चढलेला दूरचा काका हात कुठे ठेवावेत ते न कळून आधी पाठीमागे, मग पुढे, शेवटी खिशात घालतो. नवी पिढी याला 'ऑकवर्ड झालं' म्हणते. मराठीत तो अवघडला, किंवा संकोचला. त्याचा फेटा, सदरा, सगळं जागच्या जागी आहे, फक्त चारचौघांत अंग मोकळं होत नाही. तो खाली उतरून पंगतीत वाढायला लागला की तोच काका डौलदार. हा शब्द जपून वापरा मात्र, कारण 'ती अवघडलेली आहे' असं बाईबद्दल म्हटलं तर दिवस भरत आलेत असा अर्थ होतो आणि ऐकणारी बाळंतविड्याची तयारी विचारायला लागते.

राहता राहिलं, कुणी कुणाला म्हणायचं. अजागळ हा वरून खाली जाणारा शब्द आहे. आई पोराला, आत्या भाच्याला, मित्र मित्राला म्हणू शकतो. 'तुम्ही अजागळ दिसता' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण अहोजाहो करणाऱ्याला ते म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मोठ्या माणसाला सुचवायचंच असेल तर दोष कपड्यावर ढकलायचा: "काका, कॉलर जरा दुमडलीय वाटतं." आणि कागदावर, विशेषतः शाळेच्या डायरीत किंवा ऑफिसच्या सूचनेत, हा शब्द अजिबात नको. तिथे 'गणवेश अव्यवस्थित असतो' एवढं लिहावं. त्याच्या पुढे नेमकं काय ते लिहिलं तर आणखी चांगलं: बटण तुटलेलं, नाडी सुटलेली, की शर्ट दोन नंबर मोठा. शेवटचं असेल तर पोराला बोलण्यात अर्थ नाही, पालकांनाच बोलवावं लागेल.